देश आपत्तीसाठी तयार आहे हे नेमकं कशावरून ओळखायचं?

निळीशाई

कुठेही मोठा पूर, भूकंप, वादळ झालं की टीव्हीवर चार दिवस तेच ते. हेल्मेटवाले जवान, रबरी होड्या, वरून हेलिकॉप्टर. आणि खाली लोकांची मारामारी, की अमक्या देशाकडे बघा कशी यंत्रणा आहे आणि तमक्याकडे सगळा आनंदीआनंद. मला हल्ली वाटायला लागलंय की आपण क्षमता भलत्याच टोकाकडून मोजतो. होड्या मोजत बसतो.

बांगलादेश घ्या. १२ नोव्हेंबर १९७० चं भोला चक्रीवादळ, तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता, त्यात किमान तीन लाख माणसं गेली असं धरतात. १९९१ च्या वादळात साधारण १ लाख ३८ हजार. २००७ चं सिद्र, तेही तसंच राक्षसी, सरकारी आकडा साडेतीन हजारांच्या आत. किनारा तोच, लोकसंख्या उलट वाढलेली, आणि देश काही मधल्या काळात गडगंज झालेला नव्हता. झालं काय, तर १९७२ पासून गावोगावी स्वयंसेवक उभे केले, जे हातभोंगा आणि झेंडे घेऊन दारोदार फिरतात, आणि खांबांवर उचललेले निवारे बांधले जे एरवी शाळा म्हणून चालतात.

तर माझं मत: सूचना शेवटच्या घरापर्यंत किती वेळात जाते आणि ती ऐकून माणूस उठतो का, एवढंच मोजा. बाकी सगळं नंतरचं. झोडा आता.

टवाळ_कार्टं

शेवटी "झोडा" लिहिलं की धागा शंभरी गाठतो असा अनुभव आहे. पुढची खुर्ची पकडून बसलोय.

खांबतुळई

झोडतो. भूकंपाला कुठली आलीय सूचना? फार फार तर काही सेकंद, तीही केंद्रापासून लांब असाल तर.

२०१० सालीच बघा. जानेवारीत हैती, ७.० तीव्रतेचा. फेब्रुवारीत चिले, ८.८. म्हणजे चिलेच्या भूकंपात ऊर्जा जवळजवळ पाचशे पट. हैतीत मेलेल्यांचा आकडा वादात आहे पण लाखांच्या घरातच बोलतात, चिलेत ५२५ च्या आसपास. हा फरक भोंग्याने पडलेला नाही, बांधकामाच्या नियमांनी आणि ते नियम खरोखर पाळले गेल्याने पडलाय. चिलेने १९६० चा ९.५ चा भूकंप खाल्लेला आहे, त्यांना अक्कल महागात मिळालीय.

आता हे इतकं बारीक असतं की बाहेरच्याला दिसतसुद्धा नाही. कॉलममध्ये उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात ना, त्यांचं टोक ९० अंशात वाकवून सोडलं की हादऱ्यात वरचं काँक्रीट उडालं की रिंग उघडते आणि कॉलम फुगून बसतो. तेच टोक १३५ अंशात आत, काँक्रीटच्या पोटात वळवलं की रिंग धरून राहते. वाकवायला अर्धा मिनिट जास्त लागतो. साईटवर फिटर कंटाळा करतो, सुपरवायझर बघत नाही, प्लास्टर झालं की विषय संपला. देशाची आपत्ती क्षमता त्या अर्ध्या मिनिटात असते असं माझं म्हणणं आहे.

आणि तुर्कस्तानात नियम चांगले होते हो, कागदावर. २०१८ ला पैसे भरून बेकायदा बांधकामं नियमित करून घ्यायची माफी योजना काढली. ६ फेब्रुवारी २०२३ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांवर माणसं.

सुमी_के

खांबतुळई, प्रतिसाद वाचून आत्ता घरातल्या खांबाकडे संशयाने बघतेय.

टवाळ_कार्टं

@सुमी_के खांबही तुमच्याकडे बघत असेल.

रात्रपाळी

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे पण मधला तुकडा सुटतोय. मी काही वर्षं एका नियंत्रण कक्षात काम केलंय, कुठल्या ते राहू दे.

खांबतुळईंनी चिलेचं कौतुक केलं ते मान्य, पण त्याच रात्री त्याच चिलेत त्सुनामीच्या सूचनेचा पार विचका झाला. नौदलाचं खातं आणि आपत्कालीन कार्यालय यांचं एकमेकांशी धड बोलणं झालं नाही, वरून "त्सुनामी नाही" असंही सांगितलं गेलं, आणि लाटा आल्या. बरेच कोळी लोक वाचले कारण त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही, जमीन जोरात हलली की टेकडी गाठायची एवढं त्यांना माहीत होतं. मग चिलेने त्यातून शिकून काम केलं, आणि २०१४ ला उत्तरेत ८.२ चा झाला तेव्हा किनाऱ्यावरून नऊ लाखांवर लोक हलवले, मृत्यू मोजून सहासात.

दुसरं, कोलंबिया १९८५. नेवाडो देल रुईझ ज्वालामुखी. धोक्याचा नकाशा साधारण महिनाभर आधी तयार होता, आर्मेरो गाव त्यात चिखलाच्या वाटेवर स्पष्ट दाखवलेलं. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेक झाल्यावर चिखलाचा लोंढा गावात पोचायला दोन तासांहून जास्त लागले. दोन तास! चालत गेलं तरी उंचावर जाता आलं असतं. साधारण तेवीस हजार माणसं गेली. शास्त्र कमी पडलं नाही, गाव रिकामं करा हे म्हणायला कोणी पुढे आलं नाही. उगाच हलवलं आणि काही झालं नाही तर खर्च कोण देणार, नाचक्की कोणाची होणार, ही भीती.

म्हणून मी म्हणतो, क्षमता म्हणजे निर्णय. कोणी घ्यायचा, कधी घ्यायचा, आणि वरच्याला न विचारता घेता येतो का. आमच्या कक्षात भिंतीवर फोन नंबरांचा मोठा तक्ता होता, लॅमिनेट केलेला, छान. त्यातले कितीतरी साहेब बदलून गेलेले होते पण लॅमिनेशनवर खोडता येत नाही म्हणून तसेच. सॅटेलाईट फोन होता, तो कपाटात, कपाटाची किल्ली भांडार लिपिकाकडे, लिपिक पाचला घरी. पाहणीला कोणी आलं की फोन टेबलावर, गेले की परत कपाटात.

टवाळ_कार्टं

म्हणजे आपत्तीने कार्यालयीन वेळेत यावं, एवढीच अपेक्षा 😀

वातकुक्कुट

रात्रपाळी +१. निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असला तरच वेळेत होतो, हे ओडिशात दिसतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास लोक गेले. त्यानंतर राज्याने स्वतःचं प्राधिकरण काढलं, २००१ ला स्वतःचं कृती दल, किनाऱ्याला निवारे, आणि मुख्य म्हणजे अंदाज आला की कोणत्या गावाने कुठल्या निवाऱ्यात जायचं हे आधीच ठरलेलं. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक हलवले, मृत्यू पन्नासच्या आत. आणि हे राष्ट्रीय कायदा व्हायच्या आधी सुरू झालेलं काम आहे, कायदा २००५ चा, राष्ट्रीय दल २००६ चं. खालून वर गेलेली गोष्ट.

अर्थात हवामान खात्याचा ट्रॅकचा अंदाजही तोवर खूप सुधारला होता, तो भाग विसरू नये. अंदाज चार वेळा चुकला तर पाचव्यांदा कोणी निवाऱ्यात येत नाही.

टॉवरवाला

सूचनेबद्दल थोडं तांत्रिक, कारण लोकांचा एक गैरसमज कायम दिसतो. "सरकारने सगळ्यांना एसेमेस पाठवावा." एसेमेस एकेका नंबरला जातो, लाखो नंबर म्हणजे रांग, आणि त्याच वेळी सगळे घरी फोन लावत असतात म्हणून नेटवर्क आधीच तुंबलेलं. सेल ब्रॉडकास्ट वेगळं असतं, टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन एकदम ऐकतात. नंबर लागत नाही, परगावचा पाहुणा असला तरी त्यालाही मिळतो, तुंबलेल्या नेटवर्कमध्येही जातो. ते कर्कश वाजणारं, स्क्रीनभर येणारं, तेच ते.

जर्मनीची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. शीतयुद्ध संपल्यावर खूप भोंगे काढून टाकले, देखभालीचा खर्च नको म्हणून. सप्टेंबर २०२० ला देशभर इशारा चाचणीचा दिवस ठेवला, ॲपवरचे इशारे अर्ध्या तासाने आले. हसून सोडून दिलं. जुलै २०२१ ला आर नदीच्या खोऱ्यात पूर, देशात १८० च्या वर मृत्यू, आणि युरोपची पूर अंदाज यंत्रणा काही दिवस आधीपासून सांगत होती. सेल ब्रॉडकास्ट सुरू झालं २०२३ मध्ये. इतका श्रीमंत देश, इतका शिस्तीचा म्हणून नावाजलेला.

सुमी_के

तो अलर्ट पहिल्यांदा आला तेव्हा मी फोन गादीवर फेकून खोलीबाहेर पळाले होते. संदेश वाचलाच नाही. नंतर कळलं चाचणी होती. म्हणजे माझ्यापुरती यंत्रणा यशस्वी म्हणायची की नाही?

टॉवरवाला

@सुमी_के बाहेर पळालात ना? भूकंप असता तर... नाही, भूकंपात पळायचं नसतं, टेबलाखाली. त्सुनामी असती तर यशस्वी. पुरात अवलंबून आहे कितव्या मजल्यावर राहता.

गंमत सोडा, हाच मुद्दा आहे. नुसता आवाज पुरत नाही, काय करायचं हे पहिल्या ओळीत हवं. बहुतेक इशाऱ्यांत पहिली ओळ खात्याच्या नावाची असते.

एक_होती_माऊ

कोणी प्राण्यांबद्दल बोलणार आहे का? माणसं हलत नाहीत त्याचं मोठं कारण ते असतं. बांगलादेशात लोक निवाऱ्यात यायचे नाहीत कारण गुरं मागे राहायची, आणि गुरं गेली की वादळातून वाचून तरी पुढे खायचं काय. म्हणून तिथे निवाऱ्यांबरोबर मातीचे उंच चौथरे बांधले, किल्ला म्हणतात त्यांना, गुरांसाठी. अमेरिकेत २००५ ला कतरिना वादळात लोक कुत्र्यामांजरांना सोडून निघायला तयार नव्हते, काही जण त्यापायी गेले, मग २००६ ला कायदाच केला की राज्यांनी स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राणीही धरले पाहिजेत.

बायकांचंही तसंच. १९९१ ला बांगलादेशात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त गेल्या. निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी, वेगळी सोय नाही, नवरा घरी नाही मग निघायचं कोणाला विचारून. आता तिथल्या स्वयंसेवकांत जवळपास निम्म्या बायका आहेत आणि दार वाजवणारी बाई असली की दार उघडतं. योजना लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी कोण बसलंय त्यावर हे ठरतं.

खांबतुळई

माऊताई, हा प्रतिसाद सगळ्या धाग्यात भारी. दंडवत.

कारकुंडा

सगळं गोड गोड चाललंय म्हणून खडा टाकतो. पैसे?

आपत्ती आल्यावर मदत वाटणारा पुढारी दिसतो, फोटो निघतो, मतं मिळतात. नाला रुंद करणारा, रिंगा तपासणारा, नकाशात लाल रंग भरून "इथे बांधू नका" म्हणणारा कोणाला दिसतो? उलट त्या लाल रंगातल्या जमिनीचे भाव पडतात म्हणून त्याच्यावर मोर्चा. जागतिक बँकेच्या २०१९ च्या अहवालात हिशेब आहे की गरीब-मध्यम देशांत पायाभूत सोयी टिकाऊ करायला घातलेल्या एका डॉलरमागे साधारण चार डॉलरचा फायदा. तरी कोणी घालत नाही, कारण फायदा मिळणार पुढच्याच्या पुढच्या सरकारला.

भारतात पंधराव्या वित्त आयोगाने निदान वेगळा कप्पा केला, मदतीला ८० टक्के आणि धोका कमी करायला २० टक्के. वीस कमी आहेत पण आधी स्वतंत्र कप्पाच नव्हता.

अपवाद म्हणून नेदरलँड्स सांगतील कोणीतरी, म्हणून मीच सांगतो. १९५३ च्या पुरात १,८३६ गेले, त्यानंतर डेल्टाची कामं, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणारे बांध, चालली ती कित्येक दशकं. पण त्यांच्याकडे पाण्याची मंडळं मध्ययुगापासून आहेत, स्वतःचा कर लावणारी, लोकांनी निवडून दिलेली. पाण्याचा पैसा दुसरीकडे पळवता येत नाही. ही व्यवस्था कॉपी करायची म्हटली तर सातशे वर्षं लागतील.

टवाळ_कार्टं

आणि जपानचं पुराण अजून कसं आलं नाही? घड्याळ लावून बसलोय.

वातकुक्कुट

घ्या, आलं. पण चांगलं आणि वाईट दोन्ही सांगतो. तारो नावाच्या गावात दहा मीटर उंच भिंत होती, लोक बघायला यायचे. २०११ ला लाट तिच्यावरून गेली. भिंत आहे म्हणून काही जण निघालेच नाहीत. उलट कामाइशी शहरात शाळेतली जवळजवळ सगळी पोरं वाचली, कारण त्यांना शिकवलेलं की नकाशावर विसंबू नका, कोणाची वाट बघू नका, पळा. मोठी पोरं धाकट्यांना हाताला धरून पळाली.

रुग्णसेवा

रुग्णालयाच्या बाजूने लिहिते. "हलवा, हलवा" चाललंय पण हलवणं फुकट नसतं. फुकुशिमात २०११ नंतर घाईघाईने हलवलेल्या रुग्णालयांतले, वृद्धाश्रमांतले पेशंट वाटेत आणि नंतर गेले. त्या प्रांतात भूकंप-त्सुनामीत थेट गेलेल्यांपेक्षा नंतरच्या हालअपेष्टांनी गेलेल्यांची नोंद जास्त आहे, दोन हजारांहून अधिक. व्हेंटिलेटरवरचा माणूस बसमध्ये बसत नाही.

आणि जनरेटर! तो वर ठेवला तरी डिझेलची टाकी आणि पंप तळघरातच असतो. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयातून रात्री तीनशेच्या आसपास पेशंट जिन्याने उतरवले, नवजात बाळांसकट, नर्सेस हाताने हवा देत. म्हणून कुठल्याही रुग्णालयाची तयारी बघायची तर मी जनरेटर बघत नाही, त्याचा पाईप कुठे जातो ते बघते.

आमच्याकडे मॉक ड्रिल होतं ते सकाळी अकराला, सगळे हजर असताना, लिफ्ट चालू असताना. एकदा कोणीतरी सुचवलं की पहाटे चारला घेऊ, दिवे घालवून. त्याच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की त्याने विषय परत काढला नाही.

साधासरळ

ड्रिलचं नाव काढलंत म्हणून. आमच्या ऑफिसात अलार्म वाजला की लोक आधी लॅपटॉप बंद करतात, बॅग भरतात, मग दारात रांग लावून कार्ड स्वाईप करून बाहेर पडतात, कारण स्वाईप नाही केलं तर हजेरी कटते. बाहेर आल्यावर सेफ्टीवाला घड्याळ बघून "छान वेळ" म्हणतो. आग लागली तर एचआरला आधी विचारावं लागेल.

रात्रपाळी

साधासरळ 😂 पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ड्रिलमध्ये सगळं सुरळीत झालं तर ते ड्रिल वाया गेलं. अमेरिकेने २००४ ला 'पॅम' नावाचं काल्पनिक वादळ करून न्यू ऑर्लिन्सचा सराव केला होता, त्यात बांधावरून पाणी शहरात येतं, गाड्या नसलेले लोक मागे राहतात, सगळं निघालं होतं. पुढच्याच वर्षी कतरिना. जे कागदावर निघालं तेच रस्त्यावर घडलं. सराव केला, त्यातून निघालेल्या यादीचं काम पूर्ण झालं नाही.

उलट मेक्सिको. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाची आठवण म्हणून त्या तारखेला दरवर्षी देशभर सराव असतो. २०१७ ला सकाळी अकराला सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खराच भूकंप. केंद्र जवळ असल्यामुळे भोंग्याचा फार उपयोग झाला नाही, पण लोकांना जिना कुठला ते दोन तासांपूर्वीच कळलं होतं.

निळीशाई

धागाकर्ता परत हजर. वाचून माझं "एवढंच मोजा" जरा ढिलं पडलंय, खांबतुळईंचा मुद्दा मान्य, भूकंपात भोंगा कामाचा नाही. पण मूळ प्रश्न तसाच आहे, देशाला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर काय विचाराल? एकेक सांगा, निबंध नको.

खांबतुळई

गेल्या वर्षात किती बांधकामं रिंगा चुकल्या म्हणून थांबवली?

कारकुंडा

मागच्या आपत्तीच्या चौकशी अहवालातल्या शिफारशींचं काय झालं? (मी उत्तर सांगू का?)

एक_होती_माऊ

निवाऱ्यात संडास किती, आणि बायकांचे वेगळे आहेत का? हसू नका, रात्रभर थांबायचं असतं.

टॉवरवाला

वीज आणि मोबाईल दोन्ही गेले तर पुढचा निरोप कशाने? "रेडिओ" म्हणालात तर पोलीस, अग्निशमन आणि आरोग्य यांचे रेडिओ एकमेकांशी बोलतात का?

रात्रपाळी

रात्री अडीच वाजता, वरचा एकही साहेब फोन उचलत नसताना, गाव रिकामं करा म्हणायचा अधिकार सगळ्यात खालच्या कुठल्या माणसाला आहे? पद सांगा. आणि त्याला स्वतःला हे माहीत आहे का?

साधासरळ

रात्रपाळींच्या प्रश्नाला जोड: आणि काहीच झालं नाही तर सकाळी त्याची बदली होणार का? हवाईत जानेवारी २०१८ ला चुकून क्षेपणास्त्र येतंय असा इशारा सगळ्यांच्या फोनवर गेला, चुकीचा होता हे फोनवर कळवायला ३८ मिनिटं लागली, आणि ज्याने पाठवला त्याला काढून टाकलं. आता त्याच्या खुर्चीवर जो बसेल तो बटण दाबायच्या आधी दहा जणांना विचारेल.

रात्रपाळी

@साधासरळ त्याचं उत्तर ते दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच द्यावं लागतं. नसलेलं संकट आहे म्हणून सांगणं ही यंत्रणेतली गफलत. नदी धोक्याच्या पातळीला आली, नियमाप्रमाणे गाव हलवलं आणि पाणी चार फूट खालीच थांबलं, ही गफलत नाही. दुसऱ्या प्रकारात आदेश देणाऱ्याला कायद्यात संरक्षण हवं आणि हलवलेल्या लोकांची बुडालेली मजुरी लगेच मिळायला हवी, नाहीतर पुढच्या वेळी तो आदेश देणार नाही आणि हे निघणार नाहीत. आमच्याकडे मजुरीसाठी अर्ज होता, चार पानी.

टवाळ_कार्टं

तीन प्रतीत का?

रात्रपाळी

दोन. तिसरी कार्यालयीन.